जुन्या प्लॅस्टिकचा दाणा आणि नव्या वस्तू : खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आमच्याकडे जुने प्लॅस्टिक येते आणि त्याच्यासोबत प्रश्नही येतात. कोणी फोनवर विचारते, कोणी काट्यावर वजन होत असताना, तर कोणी आम्ही माल पाहायला गेलो की बांधावर. त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत. आम्ही दाणा पाडणारे आहोत, म्हणजे भंगारातील प्लॅस्टिक निवडून, धुऊन, वितळवून त्याचा पुन्हा कच्चा माल करतो. त्यामुळे उत्तरांत कारखान्याची बाजू जास्त दिसेल, हे आधीच सांगून ठेवतो.

प्लॅस्टिक वितळवून नवी वस्तू होते म्हणजे नेमके काय होते?

गूळ तापवला की पातळ होतो, निवला की पुन्हा घट्ट होतो आणि तरीही गूळच राहतो. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, पीईटी ही प्लॅस्टिके याच स्वभावाची असून त्यांना थर्मोप्लॅस्टिक म्हणतात. त्यांच्यातील रेणूंच्या लांबच लांब साखळ्या उष्णतेने एकमेकींवरून सरकू लागतात, माल वाहता होतो आणि साच्यात किंवा डायमधून, म्हणजे छिद्रे असलेल्या तोंडातून, त्याला हवा तो आकार देता येतो. याउलट कुकरची मूठ, जुनी काळी विजेची बटणे आणि मेलामाइनच्या ताटल्या भाजलेल्या भाकरीसारख्या असतात. भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही. त्यांच्यातील साखळ्या घडतानाच एकमेकींना कायमच्या जखडल्या जातात, त्यामुळे तापवल्यावर त्या वस्तू वितळत नाहीत, करपतात. असा माल गोणीत घालू नये.

सगळे प्लॅस्टिक एकदमच वितळवले तर काय बिघडते?

हा आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि या धंद्यातील बहुतेक नुकसान त्याच्याच उत्तराकडे दुर्लक्ष केल्याने होते. पिशव्यांचे लो डेन्सिटी पॉलिथिन साधारण १०५ ते ११५ अंश सेल्सिअसला वितळते, कॅन आणि ड्रमचे हाय डेन्सिटी पॉलिथिन १२५ ते १३५ अंशांना, चटई आणि गोणीचे पॉलिप्रॉपिलिन १६० ते १६५ अंशांना, तर पाण्याच्या बाटलीचे पीईटी २५० ते २६० अंशांना. म्हणजे पिशव्यांच्या मालात बाटलीचे तुकडे गेले, तर ते न वितळता खड्यांसारखे राहतात आणि मशीनची जाळी तुंबवतात. ते वितळावेत म्हणून तापमान वाढवले, तर पिशव्यांचा माल जळून पिवळा पडतो. समजा दोन्ही वितळले, तरी ते एकजीव होत नाहीत. तेल आणि पाणी ढवळून एकत्र दिसावे आणि हात थांबला की वेगळे व्हावे, तसेच हे होते. फरक इतकाच की येथे ते वेगळे होता होताच गोठते आणि वस्तूच्या पोटात कच्चे सांधे राहतात. अशा मिश्र मालाचे घमेले दुकानात छान दिसते, पण वाळूने भरून उचलले की कडेपाशी तडकते.

आमचाच एक अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. सुरुवातीच्या काळात ठिबकच्या नळ्यांचा एक मोठा लॉट आम्ही घाईत घेतला आणि त्यातील पीव्हीसी पाइपचे आखूड तुकडे वेगळे न काढता ग्राइंडरला लावले. पुढे वितळवण्याचे मशीन तापल्यावर थोड्याच वेळात डोळे झोंबू लागले, घशात आंबूस तिखट वास बसला आणि डायमधून येणाऱ्या काळ्या दोऱ्यांत तपकिरी, करपलेले ठिपके दिसू लागले. पीव्हीसी फार तापले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओलावा मिळाला की त्याचे आम्ल होते. मशीन थांबवून माल पुढे ढकलणारा स्क्रू बाहेर ओढला, घासला, तो ज्या नळकांड्यात फिरतो ते बॅरल साफ केले. त्यात दोन दिवस गेले आणि तो सगळा दाणा फेकावा लागला. चूक आमचीच होती. निवडणीला दोन माणसे कमी लावून वाचवलेली मजुरी त्या दोन दिवसांत कितीतरी पटींनी गेली.

कोणते प्लॅस्टिक कोणते, हे घरी कसे ओळखावे?

वस्तूच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक अंक असतो. ही पद्धत अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झाली आणि आता सगळीकडे चालते. १ म्हणजे पीईटी, २ हाय डेन्सिटी पॉलिथिन, ३ पीव्हीसी, ४ लो डेन्सिटी पॉलिथिन, ५ पॉलिप्रॉपिलिन, ६ पॉलिस्टायरिन म्हणजे थर्माकोलचे कुळ, आणि ७ म्हणजे उरलेले सगळे. त्रिकोण दिसला म्हणजे वस्तूचा पुनर्वापर होतोच, असा अर्थ मात्र काढू नये. तो अंक फक्त जात सांगतो.

अंक पुसला गेला असेल तर बादलीभर पाणी पुरते. स्वच्छ तुकडा पाण्यात बुडवून सोडावा, आणि त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे निघावेत म्हणून पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकावेत. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलके असल्याने वर येतात. पीईटी, पीव्हीसी आणि भरीव पॉलिस्टायरिन तळाशी जातात. आमच्या धुण्याच्या हौदातही हेच तत्त्व वापरले जाते. एक अपवाद लक्षात ठेवावा : स्वस्त खुर्च्यांमध्ये चुनखडीची पूड भरपूर मिसळलेली असते, त्यामुळे त्यांचा तुकडा पॉलिप्रॉपिलिनचा असूनही बुडू शकतो. तुकडा पेटवून वास घेण्याची जुनी पद्धत भंगारवाल्यांत अजून चालते, परंतु ती आम्ही कोणालाही सुचवत नाही.

ठिबकच्या जुन्या नळ्या देता येतात का, आणि त्यांचे पुढे काय होते?

देता येतात. पुनर्वापराचा विचार करताना शहरात पाण्याची बाटली डोळ्यांसमोर येते, पण रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात खरा ढीग नळ्यांचा असतो. नळी मुख्यतः लिनियर लो डेन्सिटी पॉलिथिनची असते आणि उन्हात टिकावी म्हणून तिच्यात साधारण दोन टक्के काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळलेली असते. एकाच जातीचा, एकाच रंगाचा आणि एकाच ठिकाणी मोठ्या प्रमाणात मिळणारा माल म्हणून दाणा पाडणाऱ्याला नळी आवडते.

अडचण नळीच्या आत असते. जुनी नळी उभी चिरून पाहिली तर आतल्या भिंतीवर पांढरट, खरखरीत थर दिसतो; बोअरच्या जड पाण्यातील क्षार वर्षानुवर्षे साचून तो झालेला असतो. त्याखाली किंवा त्याच्यात मिसळून तापी-गिरणेच्या गाळाची बारीक काळी पेस्ट असते. वेळच्या वेळी आम्लप्रक्रिया केलेल्या, म्हणजे नळ्यांतून आम्ल सोडून क्षार काढलेल्या, शेतातील नळी आतून बरीच स्वच्छ निघते, एवढे आम्ही चिरल्याबरोबर सांगू शकतो. हा थर दाण्यात गेला तर त्या दाण्याच्या पातळ भिंतीच्या पाइपला सुईएवढी भोके पडतात. म्हणून नळ्यांचे तुकडे करून ते दोनदा धुवावे लागतात, आणि ते पाणीही निवळवून पुन्हा वापरावे लागते, कारण उन्हाळ्यात औद्योगिक वसाहतीतही पाणी फुकट नसते.

शेतकरी बंधूंना तीन गोष्टींची विनंती आहे. जॉइनर, टेकऑफ, रबरी ग्रोमेट आणि शेवटच्या कड्या हे नळ्या जोडण्याचे व बंद करण्याचे सुटे भाग वेगळ्या जातीचे असल्याने काढून वेगळ्या पिशवीत ठेवावेत. नळ्या ओल्या रानातून ओढून काढण्याऐवजी जमीन वाफशावर किंवा कोरडी असताना गुंडाळाव्यात. आणि गुंडाळलेल्या नळ्या वर्ष-वर्ष बांधावर पडू देऊ नयेत, कारण आपल्याकडील मे महिन्याचे ऊन काजळी असलेल्या नळीलाही शेवटी सोडत नाही. वाकवल्यावर कट्‌कन तुटणारी नळी वितळते खरी, पण तिच्या साखळ्या आधीच तुटलेल्या असल्याने दाण्यात ताकद उरत नाही आणि भाव पडतो.

या दाण्यापासून पुन्हा दाबाखाली चालणारी चांगली ठिबकची नळी होईल अशी अपेक्षा ठेवू नये. ठिबकच्या नळ्यांसाठी भारतीय मानके आहेत, आणि ज्या दाण्याचा पूर्वेतिहास माहीत नाही तो अशा कामासाठी योग्य नाही. आमचा दाणा विजेच्या तारा ओवण्याच्या काळ्या पाइपसाठी, कुंड्या, घमेली आणि रोपवाटिकेचे ट्रे यांसाठी जातो. कोणी याच मालातून ‘नव्यासारखी’ नळी अर्ध्या भावात देत असेल, तर ती घेण्याआधी तिच्यावरील मानकाची खूण आणि बिल दोन्ही पाहावे.

मल्चिंग पेपर कोणी का घेत नाही?

कारण आपण पेपर विकतो असे समजतो आणि प्रत्यक्षात माती विकतो. मल्चिंग पेपर म्हणजे पिकाच्या वाफ्यावर अंथरायची प्लॅस्टिकची फिल्म. भाजीपाल्यासाठीचा पेपर साधारण २५ ते ३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. एवढ्या पातळ फिल्मला चिकटलेली ओली काळी माती तिच्या स्वतःच्या वजनाएवढी किंवा त्याहूनही जास्त भरते. ती धुण्याचा, फिल्म वाळवण्याचा आणि वाहतुकीचा खर्च दाण्याच्या किमतीत बसत नाही. फिल्म इतकी हलकी की धुतलेला माल वाळवण्यासाठीच वेगळे यंत्र लागते. जाड पेपर एका तुकड्यात निघतो, पातळ पेपर चिंध्या होऊन रोटाव्हेटरखाली जातो आणि मग तो कोणालाच गोळा करता येत नाही. पीक निघाल्यावर लगेच, कोरड्या जमिनीत, एका टोकापासून ओढून झटकून घेतलेला पेपर आम्ही स्वीकारतो, पण भाव कमी असतो हे स्पष्ट सांगतो.

केळीच्या घडावरच्या पिशव्या आणि खताच्या गोण्या चालतात का?

घडावरची पांढरी, कापडासारखी पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलिनची असते, तर निळी किंवा पारदर्शक पिशवी पॉलिथिनची. दोन्ही वेगवेगळ्या ठेवल्या तर चालतात. खताची गोणी बाहेरून विणलेल्या पॉलिप्रॉपिलिनची आणि आतून पातळ पॉलिथिनच्या अस्तराची असते. अस्तर ओढून काढले आणि खत झटकले की दोन्ही माल चांगल्या प्रतीचे ठरतात.

कीटकनाशकांच्या बाटल्या मात्र या ढिगात कधीही टाकू नयेत. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, बाटलीला भोक पाडावे आणि ती वेगळी ठेवून कंपनीच्या किंवा कृषी विभागाच्या संकलन व्यवस्थेकडेच द्यावी. त्यातून घरगुती वस्तू होऊ नये, हाच यामागचा हेतू आहे.

कारखान्यात आल्यावर मालाचे काय होते?

निवडलेला माल ग्राइंडरमध्ये बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकड्यांत कापला जातो, मग धुतला आणि वाळवला जातो. फिल्म फार हलकी असल्याने ती आधी अ‍ॅग्लो मशीनमध्ये घर्षणाने गरम करून, पाण्याचा सपकारा मारून गुठळ्यांसारखी केली जाते. त्यानंतर माल हॉपरमधून एक्स्ट्रूडरमध्ये पडतो. तेथे लांब स्क्रू फिरत असतो, बॅरलभोवती हीटर असतात आणि पॉलिथिनसाठी तापमान साधारण १८० ते २२० अंशांच्या दरम्यान ठेवले जाते. वितळलेला माल तारेच्या जाळीतून गाळला जातो आणि छिद्रांच्या डायमधून बाहेर येतो. शेव पाडताना सोऱ्यातून पिठाच्या दोऱ्या सुटाव्यात, तसे हे दृश्य असते. फरक असा की या दोऱ्या कढईत न पडता थंड पाण्याच्या हौदातून पुढे ओढल्या जातात आणि कटरमध्ये त्यांचे दाणे होतात.

अनुभवी कामगार मशीन न पाहता आवाजावरून माल ओळखतो. माल ओला असेल तर डायपाशी वाफ फट्‌फट् फुटते, दोरी मध्येच तुटते आणि दाणा चिरला तर आत बुडबुडे दिसतात. पीईटीच्या बाबतीत ओलावा याहून घातक असतो. त्या तापमानाला पाणी साखळ्याच तोडते, म्हणून पीईटी वितळवण्याआधी तासन्‌तास गरम हवेत सुकवावे लागते. आमच्याकडे पीईटीची सोय नाही. बाटल्या आम्ही गठ्ठे बांधून पुढे पाठवतो, आणि त्यांचा मोठा भाग पॉलिस्टर धागा करणाऱ्यांकडे जातो.

एकच प्लॅस्टिक किती वेळा वितळवता येते?

ठरावीक आकडा नाही, पण अमर्याद वेळा येत नाही. प्रत्येक वेळी उष्णता, हवा आणि स्क्रूची घुसळण यांमुळे पॉलिप्रॉपिलिनच्या साखळ्या आखूड होतात, म्हणून ते जास्त पातळ वाहते आणि ठिसूळ होते. पॉलिथिनमध्ये काही साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि त्याच्या गाठी होतात. म्हणूनच जुन्या दाण्यात नवा दाणा मिसळतात. रंगाचेही तसेच आहे. पांढरा, निळा, लाल माल एकत्र वितळला की मातकट राखाडी निघतो, आणि तो झाकायला काळा किंवा गडद रंगच उरतो. जळगाव ज्या चटई उद्योगासाठी ओळखले जाते, त्यातील पॉलिप्रॉपिलिनच्या दोरीतही जुना दाणा गडद पट्ट्यांत सहज खपतो. फिकट, स्वच्छ रंगाला चांगला निवडलेला किंवा नवा मालच लागतो.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१५ पर्यंत निर्माण झालेल्या प्लॅस्टिक कचऱ्यापैकी केवळ ९ टक्क्यांच्या आसपास कचऱ्याचा पुनर्वापर झाला होता. आमचा धंदा याच कामाचा असूनही आम्ही हे सांगतो, कारण ‘काही हरकत नाही, वितळवता येते’ म्हणून जास्त प्लॅस्टिक वापरण्याला या आकड्यात आधार सापडत नाही.

वेफर्सच्या पाकिटांचे काय?

केळीचे वेफर्स येथलेच, म्हणून हा प्रश्न आम्हाला जरा अधिक टोचतो. चकचकीत पाकीट म्हणजे वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे पातळ थर आणि त्यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा. ते थर वेगळे करणे आमच्या यंत्रांना शक्य नाही. अशी पाकिटे सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतात. स्वच्छ, पातळ प्लॅस्टिकसाठी रस्त्याचाही मार्ग आहे. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत बारीक कापलेले प्लॅस्टिक तापलेल्या खडीवर टाकतात, ते वितळून खडीला लेप बसतो आणि मग डांबर मिसळतात. या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि भारतीय रस्ते काँग्रेसने २०१३ मध्येच अशा रस्त्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. पीव्हीसी मात्र या कामातही चालत नाही.

जुन्या पीव्हीसी पाइपचे तुकडे वेगळे का मागता?

वर सांगितलेल्या वायूसाठी, आणि आणखी एका कारणासाठी : जुन्या पाइपांत स्थिरक म्हणून, म्हणजे पीव्हीसी उष्णतेने बिघडू नये यासाठी, शिशाची संयुगे वापरलेली असू शकतात. म्हणून असा माल पिण्याच्या पाण्याशी संबंध येणार नाही अशाच वस्तूंसाठी, आणि पीव्हीसीचेच काम करणाऱ्यांकडे गेला पाहिजे.

परसात चुलीवर किंवा जुन्या डब्यात प्लॅस्टिक वितळवून विटा, कुंड्या कराव्यात का?

करू नयेत. समाजमाध्यमांवरील चित्रफितींत हे सोपे दिसते, परंतु चुलीवर तापमान हातात राहत नाही. वितळणे कधी संपते आणि जळणे कधी सुरू होते ते कळत नाही. पीव्हीसीचा तुकडा असला तर आम्ल वायू आणि जळाल्यास डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये सुटतात, थर्माकोलमधून स्टायरिनची वाफ येते. वितळलेला थेंब कातडीवर पडला तर तो तेलासारखा ओघळत नाही, चिकटतो. तसे घडल्यास तो ओढून काढू नये. भरपूर गार पाण्याखाली हात धरावा आणि दवाखान्यात जावे. शाळेच्या प्रकल्पासाठी कोणाला हे काम दाखवायचे असेल, तर आम्ही कारखान्यात सुरक्षित अंतरावरून दाखवतो.

शेवभाजीचे पार्सल जुन्या दाण्याच्या पिशवीत आणले तर चालते का?

नाही. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनीच पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या तयार खाद्यपदार्थांसाठी वापरण्यास मनाई केली होती. नंतर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या अटी पाळून तयार केलेल्या मालाला वाट मिळाली, पण ती खास प्रक्रिया असते आणि आमच्यासारख्या दाण्याला ती लागू नाही. आमच्या दाण्यात काल कोणती गोणी होती, हे आम्हीही छातीठोक सांगू शकत नाही. त्यातून शेवभाजीची तर्री गरम आणि तेलकट असते, आणि गरम तेलात प्लॅस्टिकमधील द्रव्ये अधिक सहज उतरतात. घरून स्टीलचा डबा न्यावा.

पिशवीच्या जाडीचा नियम कशासाठी आहे?

३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरी बॅगला मनाई आहे. भंगार वेचणाऱ्या बाईंच्या बाजूने पाहिले की कारण लगेच कळते : किलोभर वजन भरायला पातळ पिशव्या शेकड्यांनी वेचाव्या लागतात आणि जाड थोड्याच. पातळ पिशवीसाठी कोणी वाकत नाही, म्हणून ती गटारात राहते.

असा छोटा कारखाना सुरू करण्यासाठी काय लागते?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, प्लॅस्टिक कचऱ्यावर प्रक्रिया करणारा म्हणून नोंदणी, थ्री फेज वीज, धुण्याचे पाणी निवळवण्याची सोय आणि आगीपासून संरक्षण ही किमान यादी आहे. उन्हाळ्यात उघड्यावर रचलेली फिल्म एका ठिणगीने पेटते, त्यामुळे शेवटची गोष्ट कागदापुरती ठेवू नये. आमचा सल्ला असा की मशीनचे कोटेशन मागवण्याआधी सहा महिने फक्त माल गोळा करून, निवडून विकून पाहावा. तेवढ्यात कोणत्या गावाचा माल स्वच्छ येतो, कोण गोणीच्या मध्यभागी दगड घालतो आणि खनिज तेल स्वस्त झाले की नव्या दाण्यापुढे जुन्या दाण्याचा भाव कसा कोसळतो, हे कळते.

बाटली झाकणासह द्यावी की झाकण काढून?

बाटली चेपून, तिच्यातील हवा घालवून झाकण पुन्हा लावावे. बाटली पीईटीची असते आणि झाकण पॉलिथिनचे किंवा पॉलिप्रॉपिलिनचे. तुकडे झाल्यावर हौदात बाटली बुडते, झाकण तरंगते आणि दोन्ही आपोआप वेगळे होतात. सुटे झाकण मात्र गोणीच्या विणीतून निसटून रस्त्यावरच राहते. बाटलीवर घट्ट बसवलेला आकुंचन पावणारा लेबलचा कागद पीव्हीसीचा असू शकतो, तो तेवढा फाडून टाकावा.